तिसरी पिन : सातारा-सांगलीच्या जमिनीत पुरलेला विजेचा इतिहास

घरावर सोलर बसवायचं ठरलं की कोटेशन येतं. पॅनेल किती वॅटचे, इन्व्हर्टर कुठल्या कंपनीचा, सबसिडी किती, हे आपण बारकाईने वाचतो आणि शेजाऱ्याच्या कोटेशनशी ताडून बघतो. खाली कुठेतरी एक ओळ असते : ‘अर्थिंग किट – ३ नग, एलए – १ नग’. तिच्यावर फारसं कुणी बोलत नाही. पैसे कमी करायची वेळ आली की पहिली कात्री मात्र तिथेच लागते. तीनऐवजी एकच रॉड ठोकला तरी पॅनेल तेवढीच वीज देतं आणि बिल तेवढंच कमी येतं.

अर्थिंगची अडचण हीच आहे. ते असल्याचा फायदा रोजच्या वापरात दिसत नाही. नसल्याचा तोटा दिसतो तेव्हा कुणाचा तरी हात फ्रिजला किंवा कपडे वाळत घालायच्या तारेला चिकटलेला असतो.

पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी २०२४ साली राज्यातलं पहिलं सौरग्राम ठरली. कोयना धरणही याच पाटण तालुक्यात आहे. ज्या तालुक्यातून साठ वर्षं महाराष्ट्राला वीज गेली, तिथली वाडी आता आपल्या छतावर वीज बनवते. या दोन टोकांच्या मधला इतिहास धरणांचा आणि तारांचा म्हणून सांगितला जातो. तो जमिनीत पुरलेल्या पाइपांचा म्हणूनही सांगता येतो. नव्या सोलरवाल्या घराला त्याची जास्त गरज आहे.

एक तार, परतीची वाट जमीन

विजेला जायला वाट लागते तशी परत यायलाही लागते. वर्तुळ पूर्ण झाल्याशिवाय करंट वाहत नाही. म्हणून सुरुवातीच्या तारयंत्रांत दोन तारा असत, एक जायची आणि एक यायची. १८३८ साली म्युनिकमध्ये कार्ल ऑगस्ट फॉन स्टाइनहाइल यांना आढळलं की परतीची तार काढून टाकली आणि दोन्ही टोकांना धातूचे पत्रे जमिनीत पुरले, तरी काम भागतं. परतीचं काम जमीन करते. तारेचा खर्च अर्ध्यावर आला. पुढच्या वर्षी कलकत्त्यात विल्यम ओशॉनेसी यांनी तारेचे प्रयोग सुरू केले आणि १८५०च्या दशकात तारखात्याचं जाळं देशभर पसरू लागलं.

माती तांब्यासारखी वाहक नसते. मग शेकडो मैल परतीची वाट ती कशी देते? करंट पत्र्यातून बाहेर पडला की त्याला चारी बाजूंनी आणि खालीही पसरायला जागा मिळते. जितकं लांब जावं तितकी वाट रुंद होत जाते. अडथळा असतो तो बहुतेक सगळा पत्र्याच्या आसपासच्या काही फुटांत. पुढे घराघरांत अर्थिंगच्या पाइपाभोवती मीठ आणि कोळसा भरायची पद्धत पडली ती यामुळेच. पाइपाला चिकटून असलेली माती सुधारली की काम झालं, साऱ्या गावाची माती बदलावी लागत नाही.

१९४३ ते १९४६ या काळात सातारा जिल्ह्यात नाना पाटलांचं प्रतिसरकार होतं. आजचा सांगली जिल्हा तेव्हा बराचसा साताऱ्यातच होता. १९४९ मध्ये उत्तर आणि दक्षिण सातारा वेगळे झाले आणि १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याचं नाव सांगली झालं. भूमिगत कार्यकर्ते तारा तोडायचे हे आपण शाळेत वाचलेलं असतं. जमिनीवर भिस्त ठेवणाऱ्या तारयंत्रणेत ती एक तार तोडली की पलीकडचं यंत्र मुकं होई. जमीन जागेवरच असे, पण अर्धं वर्तुळ गेलेलं असे.

जमिनीला बांधावं की नाही?

तारेतला दाब कमी होता. घरोघरी दिवे लावणारी वीज आली तेव्हा जमिनीचं काम बदललं. आता ती रोजची वाट नव्हती, संकटकाळची होती. या कामावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंजिनिअरांमध्ये बराच वाद झाला.

एक पक्ष म्हणे, तारा जमिनीला अजिबात जोडू नका. दोन्ही तारा जमिनीपासून सुट्या असतील, तर एका तारेला हात लागूनही वर्तुळ पूर्ण होणार नाही आणि माणूस वाचेल. ऐकायला हे बरोबर वाटतं. दुसरा पक्ष म्हणे, हे फक्त पहिल्या चुकीपर्यंत खरं आहे. एक तार कुठेतरी ओल्या भिंतीला टेकली तर कुणाला कळणारही नाही, कारण काहीच होणार नाही. मग दुसऱ्या तारेला ज्याचा हात लागेल, तो मरेल. शिवाय ट्रान्सफॉर्मरमध्ये हजारो व्होल्टची तार घराच्या तारेला चिकटली, तर तो सगळा दाब थेट घरात येईल. त्यापेक्षा एक तार मुद्दाम जमिनीला बांधा, म्हणजे पहिली चूक झाली की लगेच करंट वाहील, फ्यूज उडेल आणि चूक दिसेल.

दुसरा पक्ष जिंकला. अमेरिकेच्या विद्युतसंहितेत १९१३ साली घरगुती पुरवठ्याची एक तार जमिनीला बांधणं बंधनकारक झालं. भारतात १९५६च्या विद्युत नियमांमध्ये न्यूट्रल जमिनीला दोन वेगवेगळ्या जोडांनी बांधायची अट होती. मोठ्या मोटारींच्या लोखंडी सांगाड्यालाही दोन स्वतंत्र अर्थिंग हवी होती. एक तुटली तर दुसरी असावी, एवढा साधा विचार त्यामागे होता. अर्थिंग कसं करायचं याचं भारतीय मानक, आयएस ३०४३, १९६६ साली आलं. १९८७ आणि २०१८ मध्ये ते सुधारलं गेलं.

म्हणून आपल्या गावातल्या डीपीपाशी एक तार खांबावरून खाली उतरून जमिनीत जाते. तिचं काम न्यूट्रलला जमिनीशी बांधून ठेवणं. गावातल्या प्रत्येक घराची सुरक्षितता त्या तारेपासून सुरू होते. ती गंजली, तुटली किंवा कुणी विकायला कापून नेली, तर दिवे तरीही लागतात. म्हणून कुणी तक्रार करत नाही.

कोयनेची वीज आणि दोन तारांचं घर

महाराष्ट्र राज्य वीज मंडळ जून १९६० मध्ये स्थापन झालं. कोयना प्रकल्पातून साठच्या दशकाच्या सुरुवातीला वीज येऊ लागली. पाणी सह्याद्रीतून पश्चिमेला पोफळीच्या भूमिगत वीजघरात उतरवायचं आणि वीज मनोऱ्यांवरून मुंबई-पुण्याकडे न्यायची, अशी ती रचना होती. पुढच्या टप्प्यांनंतर प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॅट झाली. ११ डिसेंबर १९६७च्या भूकंपात कोयनानगरच्या परिसरात दीडशेहून अधिक माणसं गेली. धरण टिकलं.

खेड्यात वीज पोचली ती उशिरा आणि बेताने. आली तेव्हा घरात एक बल्ब असे. बल्बला दोन तारा पुरतात. त्याला हात लावण्यासारखं लोखंडी अंग नसतं, त्यामुळे अर्थिंगची आठवणही होत नाही. १९८८-८९ मध्ये सुरू झालेल्या ‘कुटीर ज्योती’ योजनेत गरीब घरांना अशीच एका दिव्याची जोडणी मिळाली. लाखो घरांची वायरिंग या दोन तारांच्या हिशोबाने झाली.

मग घरात इस्त्री आली, मिक्सर आला, फ्रिज, गीझर, पाण्याची मोटार आली. ही लोखंडी अंगाची यंत्रं होती. त्यांच्या प्लगला तिसरी पिन होती आणि भिंतीतल्या सॉकेटला तिसरं भोकही होतं, पण भोकामागे तार नव्हती. अशी घरं आजही पुष्कळ आहेत.

तिसरी पिन एकदा नीट बघा. ती बाकीच्या दोघींपेक्षा जाड आणि लांब असते. लांब अशासाठी की प्लग घालताना ती आधी टेकावी आणि काढताना शेवटी सुटावी. यंत्राला फेज मिळण्याआधी जमीन मिळालेली असली पाहिजे, हा नियम पितळेत घडवलेला आहे. पण मोबाइलच्या चार्जरला तीन पिना लागत नाहीत, म्हणून तिचं महत्त्व आपल्या पिढीला कुणी सांगितलं नाही.

कृष्णेकाठच्या मोटारी

कृष्णा आणि वारणेच्या काठाने ऊस वाढला तो मोटारींच्या जोरावर. किर्लोस्करवाडी आजच्या सांगली जिल्ह्यातच आहे. १९१० साली औंध संस्थानात वसलेल्या या कारखान्याच्या गावाने लोखंडी नांगरानंतर पंप बनवायला घेतले आणि ‘किर्लोस्कर’ हा शब्द कित्येक शेतकऱ्यांसाठी पंपाचं दुसरं नाव झाला.

मोटारीची जागा म्हणजे अर्थिंगच्या दृष्टीने सगळ्यांत वाईट जागा. पत्र्याची शेड, लोखंडी स्टार्टर, पायाखाली चिखल आणि लाईट रात्री येणार. सुका माणूस विजेला बऱ्यापैकी अडथळा करतो, ओल्या अनवाणी पायांचा माणूस फार कमी करतो. त्यामुळे मोटारीच्या अंगाला जोडलेली तार बोअरच्या केसिंगला तरी आवळायची रीत पडली. काहीच नसण्यापेक्षा ते बरं. पण केसिंग लोखंडी असेल तोवरच ते खरं. पीव्हीसीचं केसिंग आलं आणि त्या तारेला काही अर्थ उरला नाही.

याच शेडमध्ये स्टाइनहाइलची युक्ती वेगळ्या वेशात परत आली. न्यूट्रल नाही, पण एका फेजवर दाब आहे, अशा वेळी बल्बची एक तार फेजला आणि दुसरी जमिनीत ठोकलेल्या रॉडला लावायची. बल्ब पेटतो. तारयंत्राला जे चाललं ते इथे जीवघेणं ठरतं, कारण त्या रॉडभोवतीची ओली जमीन आता जिवंत असते. रॉडपाशी दाब सर्वांत जास्त आणि लांब जाताना कमी होत जातो. माणसाच्या दोन पावलांत अडीच फुटांचं अंतर, बैलाच्या पुढच्या आणि मागच्या पायांत त्याहून जास्त. जितकं अंतर जास्त तितका दोन पायांमधला दाब जास्त, आणि बैलाच्या बाबतीत करंट छातीतून जातो. पावसाळ्यात खांबाजवळ किंवा ताणाच्या तारेपाशी जनावरं का मरतात, माणूस कधीकधी का वाचतो, याचं उत्तर हे आहे. वीज उपकेंद्रात जमिनीवर खडी पसरलेली दिसते, तीही याचसाठी : पाय आणि माती यांच्यामध्ये अडथळा असावा म्हणून.

जमीन सगळीकडे सारखी नाही

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत जमिनीचे इतके प्रकार आहेत की एकच खड्डा सगळीकडे चालत नाही. कराड, वाळवा, मिरजेकडची काळी माती ओली असताना उत्तम वाहक असते. पण मे महिन्यात ती भेगाळते आणि पाइपापासून सुटते. माण, खटाव, आटपाडी, जत भागात थोड्या मातीखाली मुरूम आणि मग कातळ लागतो. पश्चिमेला पाटण, जावळी, महाबळेश्वरच्या सड्यांवर जांभा आहे. पाऊस मुबलक, पण पाणी धरून ठेवणारी माती कमी. ओल्या काळ्या मातीचा विद्युतरोध आणि कोरड्या कातळाचा विद्युतरोध यांत शंभर पटींचाही फरक पडू शकतो. याच सड्यांवर, वनकुसवड्याच्या पठारावर, नव्वदच्या दशकाच्या शेवटी पवनचक्क्या उभ्या राहू लागल्या. उंच टोक आणि खाली दगड अशा जागी वळवाच्या विजेला सुरक्षित वाट देणं सोपं नसतं.

म्हणूनच जुने वायरमन उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतायला सांगायचे. त्यात अंधश्रद्धा नव्हती. मीठ कोरडं असेल तर ते काहीच वाहून नेत नाही.

आता एक छोटा हिशोब करू. तुमच्या खड्ड्याचा रोध २० ओम आहे आणि डीपीच्या अर्थिंगचा ५ ओम. फ्रिजच्या आत फेजची तार पत्र्याला टेकली. २३० व्होल्टना २५ ओमने भागलं की ९.२ अँपिअर येतात. तुमचा एमसीबी १६ अँपिअरचा आहे. तो पडणारच नाही. आणि फ्रिजच्या पत्र्यावर ९.२ गुणिले २०, म्हणजे १८४ व्होल्ट तसेच बसून राहतील. अर्थिंग आहे, तरी माणूस सुरक्षित नाही.

या कोड्याचं उत्तर विसाव्या शतकाच्या मध्यावर सापडलं. फेजमधून जितका करंट गेला तितकाच न्यूट्रलमधून परत आला का, एवढंच मोजायचं. फरक पडला तर तो कुठून तरी गळतोय, कदाचित माणसातून, म्हणून लगेच पुरवठा तोडायचा. युरोपात आणि दक्षिण आफ्रिकेत पन्नाशीच्या दशकात यावर काम झालं. माणूस किती करंट लागेपर्यंत हात सोडवू शकतो याचा अभ्यास केलेल्या चार्ल्स डॅल्झिएल यांनी १९६१ मध्ये कॅलिफोर्नियात असं साधन बनवलं. आपल्याकडे त्याला आरसीसीबी म्हणतात, जुने लोक ईएलसीबी म्हणतात. घरगुती आरसीसीबी ३० मिलिअँपिअरच्या फरकाला पडतो. वरच्या हिशोबातले ९.२ अँपिअर म्हणजे त्याच्या तीनशे पट. तो क्षणात पडेल.

घरच डीपी झालं

२००५च्या सुमारास लोडशेडिंगने कळस गाठला आणि घराघरांत इन्व्हर्टर-बॅटरी आली. तो इन्व्हर्टर साधा होता. न्यूट्रल सहसा डीपीवरून आलेली तीच राहायची, त्यामुळे जमिनीशी नातं टिकून असायचं. मग छतावर सोलर आलं. राज्यात नेट मीटरिंगचे नियम २०१५ मध्ये झाले. फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘पीएम सूर्यघर’ योजना आली आणि ३ किलोवॅटला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळू लागलं.

पण लाईट गेली की साधं सोलरही बंद पडतं. यात बिघाड काही नाही. तुमची वीज उलटी लाइनवर जाऊन खांबावर चढलेला वायरमन मरू नये, म्हणून इन्व्हर्टर स्वतःला तोडून घेतो. ऑगस्ट २०१९च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली आणि सांगलीतले कित्येक भाग अंधारात बुडाले. २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. पॅनेल आणि त्याच्या जोडीला बॅटरी हवी, हे कुणालाही पटेल असा तो अनुभव होता.

बॅटरीवाला हायब्रिड इन्व्हर्टर मात्र जमिनीशी असलेलं जुनं नातं बदलतो. लाईट गेल्यावर तो घराला ग्रिडपासून वेगळं करतो. फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडले, तर डीपीपाशी जमिनीला बांधलेली ती गाठही सुटते. आता घरातली वीज जमिनीपासून अधांतरी आहे. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच्या वादातल्या पहिल्या पक्षाची स्थिती आपल्या हॉलमध्ये परत आली : पहिली चूक दिसत नाही, दुसरी मारते. आरसीसीबीही गप्प राहतो, कारण गळालेल्या करंटला परत यायला वाटच नाही. म्हणून बॅकअपवर असताना इन्व्हर्टरच्या बाजूला न्यूट्रल पुन्हा जमिनीला बांधावा लागतो, एकाच जागी, आणि ग्रिड परत आलं की ती गाठ सुटावी लागते. काही इन्व्हर्टरमध्ये त्यासाठी आतच रिले असतो. काहींत तो वेगळा जोडावा लागतो किंवा सेटिंग बदलावं लागतं. आजवर जे काम डीपी करत होती, ते आता तुमच्या घराने करायचं आहे.

इथे एक फसगत होते. आरसीसीबीवरचं ‘टेस्ट’ बटन दाबलं आणि तो पडला, की लोक निर्धास्त होतात. ते बटन फेज आणि न्यूट्रलमध्येच थोडा करंट आडवाटेने सोडतं. जमिनीशी त्याचा संबंध नाही. अर्थिंगची तार तुटलेली असली तरी आरसीसीबी त्या बटनाने पडतोच. आरसीसीबी चालतो, एवढंच त्यातून कळतं.

तीन खड्डे

आता कोटेशनमधली ती ओळ. तीन खड्डे म्हणजे पॅनेलच्या डीसी बाजूचा एक, इन्व्हर्टरच्या एसी बाजूचा एक आणि एलएचा, म्हणजे वीज पडली तर तिला उतरवणाऱ्या दांडीचा, एक. पुष्कळ ठिकाणी हे तिघं एकमेकांपासून तोडून ठेवतात. ‘आभाळातली वीज घरात यायला नको’ हे त्याचं कारण दिलं जातं. मानकाचा कल उलटा आहे : अर्थिंगचे इलेक्ट्रोड एकमेकांना जोडलेले असावेत.

पुन्हा हिशोब करू. पडलेल्या विजेचा करंट २०,००० अँपिअर धरा आणि एलएच्या खड्ड्याचा रोध १० ओम. त्या खड्ड्याचा दाब २ लाख व्होल्टपर्यंत चढेल. शेजारचा सुटा खड्डा त्या मानाने खालीच राहील. दोन्ही खड्ड्यांच्या तारा वर येऊन जवळजवळ असतात त्या पॅनेल, स्ट्रक्चर आणि इन्व्हर्टरपाशी. हा लाखो व्होल्टचा फरक तिथेच फुटून वाट काढेल. खड्डे जाड पट्टीने जोडलेले असतील तर सगळे एकदम चढतात, एकदम उतरतात आणि मधला फरक कमी राहतो. सोबत सर्ज रोखणारं एसपीडी हवंच. इथे महत्त्व आहे सगळ्यांचा दाब सारखा राहण्याला.

छतावर आणखी एक बारकावा असतो. पॅनेलच्या ॲल्युमिनियम फ्रेमवर ॲनोडायझिंगचा थर असतो आणि तो वीज वाहू देत नाही. नुसता नट आवळून फ्रेमला अर्थिंग मिळत नाही. थर खरवडणारे दातेरी वॉशर किंवा फ्रेम-टू-फ्रेम तार लागते. शिवाय पॅनेलला बंद करायचं बटन नसतं. ऊन आहे तोवर तारांत शेकडो व्होल्टचा डीसी दाब असतो, घर पुरात असलं तरी. म्हणून कृष्णेकाठी इन्व्हर्टर आणि बॅटरी तळमजल्यावर न ठेवता २०१९च्या पाणीरेषेच्या वर ठेवायला हवी. पाटणसारख्या पावसाच्या गावात इन्व्हर्टर सकाळी सुरू होताना इन्सुलेशनचा एरर दाखवून अडून बसला, तर तो छतावर कुठेतरी ओलीने गळती होत असल्याचं सांगतोय. एरर घालवून टाकण्याआधी केबल आणि जोड तपासायला हवेत.

काम पूर्ण झाल्यावर बसवणाऱ्याकडून तीन गोष्टी मागा. एक, अर्थ टेस्टरने घेतलेलं प्रत्येक खड्ड्याचं रीडिंग लेखी, आणि पुढच्या मे महिन्यात तेच पुन्हा. पावसाळ्यातलं रीडिंग सगळ्यांचंच चांगलं येतं. दोन, मेन बंद करून घर बॅटरीवर असताना सॉकेटपाशी योग्य टेस्टरने आरसीसीबी खरंच पडतो का, हे तुमच्यासमोर दाखवायला सांगा. तीन, जुन्या खोल्यांतल्या तिसऱ्या भोकामागे तार आहे का, ते प्रत्येक सॉकेटला तपासून घ्या. ती नसेल तर अंगणातले तिन्ही खड्डे त्या खोलीतल्या इस्त्रीच्या काही कामाचे नाहीत.